१५ हजारांचा आय-७ आणि ३४ हजारांचा आय-३

तासगावच्या एका ताईंनी विचारलंय. एमएस-सीआयटी झालंय, टॅलीचा क्लास झालाय, सध्या एका बेदाणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला जातात. आता घरीच बसून तीन-चार दुकानांचे हिशेब घ्यायचं मनात आहे. मुलगा अकरावी सायन्सला. घरात आजवर कॉम्प्युटर नव्हता आणि सगळं मिळून ३५ हजारांच्या वर जायचं नाही. मोबाइलवर जाहिरात दिसली: ‘आय-७, १६ जीबी रॅम, १ टीबी, १९ इंची मॉनिटर, वायफाय, स्पीकर, सगळं फक्त १४,९९९’. सांगलीत एका दुकानात कंपनीच्या आय-३ चे नुसत्या डब्याचेच (मॉनिटर सोडून) ३४,५०० सांगितले. आणखी एक जण म्हणाला, ‘ऑफिसातनं आलेला डेल आहे, १६ हजार, वर्षाची गॅरंटी.’ यातलं काय घ्यावं, आणि मुळात आय-७ हा आय-३ पेक्षा निम्म्याहून स्वस्त कसा, असा प्रश्न आहे.

ताई, उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा. मी २२ वर्षं सांगलीत कॉम्प्युटर विकतोय आणि त्याहून जास्त दुरुस्त करतोय. विकणाऱ्यापेक्षा दुरुस्त करणाऱ्याला डब्याच्या आतलं जास्त माहीत असतं, म्हणून दुसऱ्या नात्यानं बोलतो.

तुमचा गोंधळ आय-३, आय-५, आय-७ या आकड्यांनी झालाय, आणि तो व्हावा म्हणूनच जाहिरात तशी लिहिलेली असते. आय-७ म्हणजे इंटेल कंपनीच्या त्या-त्या वर्षीच्या प्रोसेसरमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूतला, वरचा दर्जा. पण कुठल्या वर्षीचा? खरसुंडीच्या बाजारात बैल घेताना शिंगांचा रंग बघून कुणी पैसे मोजत नाही, आधी तोंड उघडून दात बघतो. प्रोसेसरचे दात म्हणजे त्याच्या नावातला पुढचा आकडा. इंटेलचा ‘आय-७ २६००’ असेल तर शेवटचे तीन आकडे झाका. उरला २. म्हणजे दुसरी पिढी, २०११ सालची. ‘आय-३ १२१००’ मध्ये शेवटचे तीन झाकले की उरतात १२. बारावी पिढी, २०२२ ची. दोघांतही चारच कोअर, म्हणजे आतले काम करणारे गडी, आहेत, पण मध्ये ११ वर्षं गेलीत आणि त्या ‘लहान’ आय-३ पुढे तो ‘मोठा’ आय-७ कशातच टिकत नाही. हल्ली इंटेलनं नावं बदललीत, ‘आय’ काढून टाकलाय, नुसतं ‘कोअर ५’ किंवा ‘अल्ट्रा ५’ असंही येतं. तो सगळा २०२३ च्या शेवटानंतरचा माल, त्याची धास्ती नको. ज्या जाहिरातीत आय-७ मोठ्या अक्षरात आहे आणि पुढचा आकडाच नाही, तिथं विकणारा बैलाचं तोंड धरून उभा आहे असं समजा.

गेल्या पावसाळ्यात कुपवाडचे एक गृहस्थ असाच एक डबा घेऊन आले होते. ऑनलाइन मागवलेला, १५,५०० चा, समोर काच, आत निळे-जांभळे दिवे. तक्रार एवढीच की चालू व्हायला पाच-पाच मिनिटं लागतात. बाजूचं झाकण उघडलं. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती पाटी, नवाकोरा दिसत होता, पण एच६१ जातीचा, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचेच प्रोसेसर घेणारा. असे बोर्ड जुने प्रोसेसर खपवण्यासाठी अजून बनतात. पंखा काढला, खालची प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर २०१२ चा. रॅम जुन्या पद्धतीची डीडीआर-३, दोन पट्ट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या. मग ती ‘१ टीबी’ तपासली. हार्ड डिस्क आजवर किती तास फिरली हे तिच्या पोटातच लिहिलेलं असतं, क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्रॅम ते दाखवतो. आकडा आला ३८ हजार तास. म्हणजे रात्रंदिवस चार वर्षांपेक्षा जास्त. वरचं लेबल बघितलं तर ती सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरसाठी बनलेली डिस्क. कुठल्या तरी पेट्रोल पंपावर चार वर्षं कॅमेरे सांभाळून ती बाई इथं नवी नवरी होऊन आली होती. गृहस्थांनी विचारलं, ‘मग हे दिवे?’ म्हटलं, दिवे मात्र नवीन आहेत.

बिल मागितलं तर एक कागद निघाला: ‘गेमिंग पीसी, १ नग’. एवढंच. प्रोसेसर कुठला, डिस्क कुठली, काही नाही. आता कुणाशी भांडणार?

म्हणून तुम्हाला पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगतो. तुम्ही हिशेबनीस आहात, तुम्हाला ती माझ्यापेक्षा लवकर पटेल. पैसे द्यायच्या आधी बिलाचा मसुदा मागा आणि त्यावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम किती आणि कुठली, एसएसडी (डेटा साठवायची नवी, न फिरणारी डिस्क) कुठली, विंडोजचं लायसन्स, कशाची किती वर्षं वॉरंटी आणि डब्याचा सिरियल नंबर, सगळं लिहून मागा. जे बिलावर लिहायला दुकानदार कांकूं करतो, ते डब्यात नाही असं धरून चाला. ‘अहो ताई, आपल्या विश्वासावर न्या की’ असं म्हणाला तर विश्वास त्याच्याकडेच ठेवा आणि कागद तुम्ही घ्या. मॉनिटर असो वा डबा, १८ टक्के जीएसटी त्याच्या किमतीत धरलेलाच असतो. ‘बिलाशिवाय घेतलं तर कमी करतो’ यात वाचणारे दोन-तीन हजार पहिल्या बिघाडातच जातात.

दुसरं, दुकानात मशिन चालू करून बघायचं. नवशिक्यांना याचीच भीती वाटते, पण यात काही नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयूवर क्लिक केलं की उजव्या कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं, बिलाशी ताडून बघा. मेमरीवर क्लिक केलं की रॅम किती आणि दोनपैकी किती खाचा भरल्यात ते दिसतं. डिस्कवर क्लिक केलं की ती एसएसडी आहे की एचडीडी, म्हणजे जुनी फिरणारी हार्ड डिस्क, हे लिहून येतं. दोन मिनिटांचं काम. तुम्ही हे केलंत की दुकानातला पोरगा पुढची वाक्यं जरा जपून बोलायला लागतो, हे मी काउंटरच्या पलीकडून बघितलेलं आहे.

आता आत काय असावं. तुमच्या कामाला प्रोसेसर फार दांडगा लागत नाही. टॅली, एक्सेल, जीएसटीचं पोर्टल, ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या, व्हॉट्सॲप. मशिन सुस्त की चपळ हे यात ठरवते ती एसएसडी. साधी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी सॅटा एसएसडी पाचशेच्या वर, एनव्हीएमई नावाची नव्या जातीची एसएसडी तर त्याच्या कैकपट. त्यात हार्ड डिस्कची सुई बारीकसारीक फायली शोधत इकडून तिकडं पळत बसते, विंडोज चालू होताना तेच जास्त असतं. म्हणून ‘१ टीबी’ या शब्दाला भुलू नका. २५६ जीबीची एसएसडी १ टीबीच्या हार्ड डिस्कपेक्षा तुम्हाला दहापट सुख देईल. चार दुकानांचा टॅलीचा दहा वर्षांचा डेटाही पेन ड्राइव्हवर मावतो, जागा खातात ते फोटो आणि मुलाचे सिनेमे.

रॅम ८ जीबी चालेल, १६ असेल तर उत्तम. ८ ची एकच पट्टी असावी आणि शेजारची खाच रिकामी, म्हणजे पुढं दुसरी टाकता येते. आत्ताच १६ चा हट्ट धरू नका, कारण २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे रॅमचे भाव असे भडकले की बाजारात हळदीचेही कधी भडकले नसतील. एआयच्या डेटा सेंटरांकडे माल वळलाय, त्याचा चटका तासगावपर्यंत. म्हणूनच मी इथं लिहितोय ते आकडे अंदाजाचे धरा, रॅम आणि एसएसडीमुळे भाव आठवड्याला हलतात.

विंडोजचं एक नीट समजून घ्या. विंडोज १० चा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता विंडोज ११ हवं, आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीनुसार ते इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढं आणि इंटेलच्या स्पर्धक एएमडी कंपनीच्या रायझन २००० मालिकेपासून पुढं. त्याच्या आधीच्या मशिनवर पळवाट काढून ११ टाकून देतात, चालतंही, पण उद्या अपडेट आलं नाही तर कुणाच्या दारात जाणार? तुमच्या मशिनवर लोकांचे जीएसटीचे पासवर्ड असणार, डिजिटल सहीचं टोकन असणार. म्हणून ‘आठवी पिढी’ ही माझी उंबरठ्याची रेघ. तिच्या मागच्या पिढीत पाऊल टाकू नका, मशिन फुकट दिलं तरी.

आणि लायसन्स खरं असावं. ‘ॲक्टिव्हेट करून देतो’ म्हणजे चोरीच्या चावीनं कुलूप उघडून देतो. त्या चाव्यांबरोबर काय-काय आत येतं हे मी निस्तरत बसतो, महिन्यातून दोन-तीन वेळा तरी. कंपनीच्या मशिनमध्ये विंडोजची चावी मदरबोर्डातच पेरलेली असते, एसएसडी बदलली तरी ती ओळखली जाते. कंपनीचा डबा घेण्याचा हा मोठा फायदा, आणि जुन्या ऑफिसच्या मशिनलाही तो लागू आहे. एक्सेल फुकट नसतं. नव्या डब्याबरोबर एमएस ऑफिस येत असेल तर बिलावर लिहून घ्या आणि पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या ईमेलवर नोंदवा, दुकानदाराच्या नव्हे. नसेल तर लिब्रेऑफिस या एक्सेलसारख्या फुकट प्रोग्रॅमवर सुरुवात करा. टॅलीचं लायसन्स पूर्ण वेगळं आणि वेगळ्या पैशाचं. क्लासमध्ये तुम्ही १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी केल्या असतील, ती शिकायची फुकट आवृत्ती होती. ३५ हजारांत टॅली धरली असेल तर आजच हिशेब मोडा. पहिले काही महिने लोक ज्या दुकानाचा हिशेब आहे त्याच दुकानाच्या लायसन्सवर काम करतात, तसं ठरवता येईल का बघा.

आता तुमचे तीन पर्याय.

१४,९९९ च्या आय-७ चं झालं, तो विषय बंद. त्यातला १९ इंची मॉनिटरही बहुतेक वेळा जुना, पिवळट आणि कमी रेझोल्यूशनचा असतो. एक्सेलचे रकाने त्यावर लवकर संपतात.

३४,५०० चा नवा आय-३. वस्तू चांगली आहे. बारावी पिढी किंवा पुढची असेल, ८ जीबी आणि ५१२ ची एसएसडी असेल तर किंमतही फार चुकीची नाही. पण त्यात मॉनिटर साधारण ७ हजार, बॅकअपला (लाइट गेल्यावर मशिन थोडा वेळ चालवणारा यूपीएस) ३ हजार मिळवा, गाडी ४५ वर जाते. जर कुठून दहा हजार वाढवता येत असतील तर हाच घ्या, मागंपुढं बघू नका. फक्त एक विचारा: ‘ऑनसाइट वॉरंटी’ म्हणजे इंजिनिअर तासगावला घरी येणार, की डबा घेऊन तुम्ही सांगलीला यायचं? कंपनीच्या नंबरवर फोन करून तुमचा पिनकोड सांगून खात्री करा. दुकानदाराचं ‘येतात की’ म्हणजे ऑनसाइट नव्हे.

१६ हजारांचा ऑफिसातला डेल. तुमच्या ३५ हजारांत माझा कौल याला, पण अटींसह. मोठ्या कंपन्या पुण्या-मुंबईत हजारो मशिनं तीन-चार वर्षांच्या भाड्यानं घेतात, मुदत संपली की ती एकगठ्ठा बाजारात येतात. डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे प्रोडेस्क आणि एलिटडेस्क, लेनोव्होचे थिंकसेंटर. दिसायला काळे, चपटे, दिव्याबिव्याचं काही नाही. पण एसीत राहिलेले, धूळ न खाल्लेले, आणि लोखंड जाड. आय-५ ८५०० म्हणजे आठवी पिढी, सहा कोअर, टॅलीला पुरून उरेल. दोन-तीन हजार जास्त देऊन दहाव्या पिढीचा, आय-५ १०५०० वगैरे मिळाला तर तो घ्या, आठवी पिढी उंबरठ्यावर आहे आणि उंबरठे सरकतात.

अटी अशा. एसएसडी नवी टाकून घ्या, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फोत तास आणि हेल्थ बघा. मशिन चालू होताना डेलला एफ२, एचपीला एफ१०, लेनोव्होला एफ१ दाबून सेटिंगमध्ये जाऊन बघा. तिथं पासवर्ड मागितला तर जुन्या कंपनीचं कुलूप अजून लटकतंय, नको. आतलं नाण्याएवढं सेल, सीआर२०३२, बदलून घ्या. पन्नास-साठ रुपयांची वस्तू, पण ती मेली की मशिनची तारीख मागं जाते, मग बँक आणि जीएसटीच्या साइट उघडताना लाल इशारे येतात आणि माणूस इंटरनेटवाल्याला शिव्या घालतो. या चपट्या डब्यांचं एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग), मदरबोर्ड सगळं कंपनीच्या मापाचं असतं, बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. तेव्हा दुकानदाराकडे त्याच मॉडेलचा सुटा एसएमपीएस पडून आहे का ते विचारा. ‘वर्षाची गॅरंटी’ यात मदरबोर्ड आणि एसएमपीएस धरलेत, असं लिहून घ्या.

आणखी दोन छुपे खर्च. यातल्या बऱ्याच मशिनना वायफाय नसतं, पाचशेच्या आसपासचा डोंगल लागतो. आणि मागं मॉनिटरची वायर जोडायला एचडीएमआयच्या जागी नुसते डिस्प्लेपोर्ट असतात, तर स्वस्त मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए. घरी जाऊन वायर हातात धरून बसायला होतं. मशिनचं मागचं अंग बघून योग्य केबल तिथंच घ्या.

मॉनिटर मात्र नवाच. २२ इंचाच्या आसपासचा, फुल एचडी, म्हणजे १९२० बाय १०८०. डोळे तुमचे आहेत. पाठीमागं बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि ‘आर’पासून सुरू होणारा नंबर असतो, तो बघा. कीबोर्ड उजवीकडे आकड्यांचा पट्टा असलेला, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणजे डबा १६ ते १८, मॉनिटर ७, कीबोर्ड-माउस आणि केबल-डोंगल मिळून २, बॅकअप ३. तीस हजारांच्या आत-बाहेर. उरलेले पाच हजार खर्च करू नका, त्याचं काम पुढं सांगतो.

ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरच्याच पोटात सगळं असलेलं, नको. एक बिघडलं की सगळं दुरुस्तीला. मुठीएवढे मिनी पीसी मला आवडतात, वीज नगण्य खातात, पण इंटेलच्या एन१०० प्रोसेसरवाला अनोळखी कंपनीचा बॉक्स बिघडला तर सांगलीत त्याला हात लावणारे कमी. लॅपटॉपचं तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो: दुकानोदुकानी जाऊन बसायचं असेल तर लॅपटॉपच घ्या. एका टेबलावर बसून आठ तास आकडे मारायचे असतील तर मोठा पडदा आणि सरळ मान याला तोड नाही.

आता जे विकणारा सांगत नाही ते. वीज.

माझ्याकडे दरवर्षी वळवाच्या पावसानंतर मशिनांची रांग लागते. एप्रिल-मेमध्ये चार वाजता आभाळ भरून येतं, कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी लोक डबे घेऊन येतात. त्यातले निम्मे विजेच्या बोर्डातून नव्हे, तर तांब्याच्या इंटरनेट केबलमधून मरतात. लॅनचं, म्हणजे इंटरनेटची वायर बसते ते, पोर्ट जळतं, सोबत मदरबोर्ड. फायबर असेल तर तो धोका बराच कमी, पण राउटरपासून मशिनपर्यंतची वायर तांब्याचीच असते. आभाळ गडगडलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि ती वायर दोन्ही उपसून ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट अर्थिंग. तीन भोकांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या घरांत, मळ्यातल्या घरांत तर तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. कवठेमहांकाळकडच्या एका घरी मी गेलो होतो, आजी म्हणाल्या, ‘हे यंत्र चावतंय.’ मी हसलो आणि डब्याच्या मागं हात लावला. बारीक चुणचुण, मनगटापर्यंत. मीटर लावला तर डब्याला शंभरच्या वर व्होल्ट. मशिनचा दोष काही नव्हता, एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज डब्यावर येतेच, ती जमिनीत जायला वाट हवी. वाट नसली की पेन ड्राइव्ह, प्रिंटरचं पोर्ट, एचडीएमआय, एकेक करून जळत जातं आणि माणूस दरवेळी कंपनीला दोष देतो. म्हणून ते उरलेले पाच हजार. मशिन आणायच्या आधी वायरमनला बोलवा, न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. दोन-तीन व्होल्टच्या आत असला पाहिजे, आणि फेज ते अर्थ पूर्ण दाब दाखवला पाहिजे. नसेल तर अर्थिंगचा खड्डा करून घ्या. मशिनवरचा यापेक्षा चांगला खर्च मला माहीत नाही.

बॅकअपला साधा ६०० व्हीएचा यूपीएस पुरतो. तुमचा डबा आणि मॉनिटर मिळून शंभर वॉटच्या आतच राहतील, लाइट गेल्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतील. टॅली सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी खूप. तासभर काम करायला तो नसतोच. नोंद चालू असताना मशिन धाडकन बंद पडलं की टॅलीचा डेटा बिघडायची भीती असते, यूपीएस त्यासाठी. लेझर प्रिंटर चुकूनही यूपीएसला लावू नका. त्याचा हीटर एका झटक्यात इतका करंट ओढतो की यूपीएस किंचाळून मान टाकतो. घरात आधीच मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर थांबा, कदाचित तीन हजार वाचतील. बऱ्याच इन्व्हर्टरला मागं यूपीएस मोडचं बटण असतं. ते लावा, मशिनवर नुसतं नोटपॅड उघडा आणि मेन स्विच पाच वेळा बंद-चालू करा. पाचही वेळा मशिन टिकलं तर वेगळा यूपीएस नको.

डबा जमिनीवर ठेवू नका. झाडू-फरशीचं पाणी, धूळ, पाल, आणि आमच्याकडे कृष्णामाई. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीच्या गावभागातली, मारुती चौकातली दुकानं पाण्यात गेली तेव्हा मॉनिटर टेबलावर वाचलेले आणि डबे चिखलात, असं कितीतरी ठिकाणी बघितलं. डब्याचं फारसं कुणाला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते आतल्या उधारीच्या खात्यांचं. माझ्या स्वतःच्या दुकानाचा त्या वर्षीचा हिशेबही त्यात गेला, लोकांना बॅकअपचे धडे देणाऱ्याचा. तासगावला पुराची भीती नाही, पण डिस्क कुठंही मरते. रोज संध्याकाळी टॅलीचा बॅकअप पेन ड्राइव्हवर, आणि आठवड्याला एकदा गुगल ड्राइव्हवर, तिथं १५ जीबी फुकट मिळतात. तुम्हाला तेवढे संपायला जन्म जाईल.

मराठी टायपिंगचं कुणी सॉफ्टवेअर गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका. विंडोजमध्ये मराठी कीबोर्ड आधीच आहे, इनस्क्रिप्टही आणि इंग्रजी अक्षरांवरून उमटणारा फोनेटिकही. सेटिंगमध्ये भाषा जोडायची एवढंच.

चिरंजीवांचं. तो गेमसाठी ‘ग्राफिक्स कार्ड टाकून घेऊ’ म्हणेल. जाहिरातीतलं ‘४ जीबी ग्राफिक्स’ बहुतेक जीटी ७३० निघतं, २०१४ चं, त्यापेक्षा आजकालच्या रायझन ५६००जी मधलं आपलं घरचं ग्राफिक्स बरं. आणि चपट्या डब्यात दांडगं कार्ड बसतही नाही, एसएमपीएसलाही झेपत नाही. त्याला सांगा की सीईटी कॉम्प्युटरवरच असते, तिच्या सरावाला हे मशिन चालतं. तो नाराज होईल. होऊ द्या, आणि विंडोजमध्ये त्याचं खातं वेगळं करा, ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे. लोकांच्या जीएसटीच्या मशिनवर कुठून तरी उतरवलेला फुकटचा गेम बसला की मग मी आहेच, पण ते काम मी स्वस्तात करत नाही.

तूर्त एवढं करा. त्या १६ हजारांच्या डेलच्या मागच्या स्टिकरचा आणि टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या नावाचा फोटो काढून मला पाठवा. आठवी पिढी निघाली तर १४ ला मागा, १५ ला उतरेल. दहावी निघाली तर घासाघीस न करता १६ देऊन टाका. सहावी निघाली, तर चहा दिला असेल तो पिऊन, नमस्कार करून बाहेर या.